हरणाच्या कानाचं पांघरूण

शाळेच्या भटारखान्यात सत्तावीस वर्षं सहाशे पोरांचं सूप ढवळून प्यो मालजा निवृत्त झाल्या, तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपल्याला घरी बसता येत नाही. साठीला मुलाने एक वापरलेला कॅमेरा आणि फुलांच्या अगदी जवळून फोटो काढायची नवीकोरी लेन्स दिली. नवरा म्हणाला, "फुलं काय नुसत्या डोळ्यांनी दिसेनात का तुला?" मालजांनी त्याच्यापुढे किमचीच्या लोणच्याचं भांडं आदळलं आणि गाप्योंग गावातल्या, रानफुलांचे फोटो काढणाऱ्यांच्या क्लबात नाव घातलं.

पहिला महिना सगळे फोटो धूसर. लेन्स इतकी नखरेल की शिताएवढी जागा स्पष्ट, बाकी सगळं धुकं. नुसता श्वास घेतला तरी फूल निसटायचं. शिकवायला बांग मास्तर होते, ऐंशीला टेकलेले. जन्म गेला न्हावीकामात, पण क्लबात सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

"लेन्सची ती रिंग फिरवत बसू नका बाई. पालथ्या पडा, कोपरं रोवा आणि स्वतःच केसभर पुढेमागे व्हा. वारा थांबला की दाबा."

"आणि नाहीच थांबला तर?"

"तर पडून राहा. घरी कोण वाट बघतंय?"

"नवरा."

"मग तर पडूनच राहा."

मार्चमध्ये डोंगरउतारावर 'हरणाचा कान' फुलतो. करंगळीएवढं रोपटं, देठावर बारीक पांढरी लव. मागून ऊन आलं की ती लव चमकते, आणि तो फोटो साधला की माणूस क्लबात पास. एका सकाळी मालजा एकट्याच गेल्या होत्या, तेव्हा त्यांना तीन फुलांचा झुबका सापडला. देठांभोवती वाळका पाला दाटला होता. तांदूळ निवडावेत तसं त्यांनी एकेक पान उचललं, मुळापर्यंत जागा लख्ख केली आणि पालथ्या पडल्या. वारा थांबला. फोटो असा आला की लवेचा केस न् केस मोजून घ्यावा. आपल्या हातचं काहीतरी खाऊन संपणार नव्हतं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. त्या तिथेच पडल्या पडल्या रडल्या.

क्लबाच्या ग्रुपवर वाहवा झाली. वाचनालयातल्या प्रदर्शनात हाच फोटो दर्शनी भिंतीवर लावायचा, असं ठरलं. त्याच दुपारी मास्तरांचा फोन आला, "जागा दाखवाल का?"

मालजा मिरवत घेऊन गेल्या. मास्तर उघड्या देठांकडे बघत राहिले. मग गुडघे टेकून पाला गोळा करू लागले.

"मालजाबाई, आज रात्री उणे सहा होणार आहे. पांघरूण काढलंत त्यांचं."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मालजांना झालं. "मला कळलंच नाही हो."

"मलाही नव्हतं कळलं. अख्खा उतार साफ केला होता मी एकदा. तिथे आता एक फूल उगवत नाही."

दोघांनी मिळून देठ झाकले.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर येताच त्या धावत गेल्या. दोन फुलं काळी पडून आडवी झाली होती. तिसरं पाल्यातून मान काढून उभं होतं. त्यांनी त्याचा फोटो काढला, होता तसा, अर्धा पाल्यात. लव कुठे दिसतसुद्धा नव्हती.

हट्टाने त्यांनी वाचनालयाच्या भिंतीवर पहिल्या फोटोऐवजी तोच लावायला लावला, आणि खाली स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली: 'याच्या शेजारची दोन माझ्यामुळे गेली.' लोक वाचायला थांबत, मग पुन्हा फुलाकडे बघत.

गर्दी पांगल्यावर त्या मास्तरांजवळ गेल्या. "तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर. त्या दिवशी चारचौघांत बोलला असतात, तर मी लेन्स विकून टाकली असती."

"मला चारचौघांतच बोलले होते सगळे," मास्तर म्हणाले. "चार वर्षं कॅमेऱ्याला हात लावला नव्हता मी."

मालजांनी कमरेत वाकून मास्तरांना नमस्कार केला आणि बराच वेळ मान वर केली नाही.