बांधीतला भूगोलाचा तास

चामोर्शीच्या कॉलेजात मी भूगोल शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात माझा धीर सुटला होता. कॉलेज सुरू झालं तेव्हा वर्गात पन्नासेक मुलंमुली होती. पुढे एका सोमवारी खडू घेऊन आत गेले, तर समोर सहाजण. मी साताऱ्याकडची, बोलणं इथल्या मानाने पुस्तकी. मला वाटलं, कंटाळली पोरं. तोंड पाडून स्टाफरूममध्ये आले, तेव्हा आमचे शिपाईभाऊ हसले.

"रोवना लागला ना, मॅडम! धान काय तुमच्या टाइमटेबलसाठी थांबते?"

रोवणी म्हणजे धानाची लावणी. सगळं गाव चिखलात उतरतं आणि महिना-दीड महिना कोणी बाहेर येत नाही. दरवर्षी हेच व्हायचं. परत आलेल्यांना मी तेच धडे पुन्हा घाईघाईने शिकवायची आणि दिवाळीपर्यंत माझा घसा बसायचा.

अशी चारपाच वर्षं गेल्यावर आमच्या बी.ए.च्या पहिल्या वर्षाला एक बाई आली. तिशीची, दोन लेकरांची आई. दहावीनंतर लग्न झालेलं. मग बऱ्याच वर्षांनी बाहेरून बारावी दिली आणि थेट कॉलेजात नाव घातलं. नवरा गावच्या तलावात मासे धरायचा. घरची एकच बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. त्यामुळे ती आणि तिची सासू दुसऱ्यांच्या बांध्यांतही रोवायला जात. वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची आणि लिहिताना तिचे ओठ हलायचे. इथल्या बायांसारखी तीही स्वतःबद्दल 'जातो', 'करतो' असंच बोलायची.

जुलैच्या सुरुवातीला ती स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात नवऱ्याचा मोबाइल होता. तेव्हा बाजारात नवीनच आलेले, अंगापेक्षा मोठा आवाज काढणारे ते फोन. मेमरी कार्ड घातलं की दिवसभर गाणी वाजत.

"मॅडम, उद्यापासून मी येत नाई. रोवन्याले जातो. तुमी याच्यात बोलून देता का?"

"काय बोलू?"

"शिकवता तेच. रोवन्यात हात मोकळे नसते, पन कान तं मोकळेच असते ना जी. बाया गानेच आयकून राह्यते दिवसभर. मी भूगोल आयकीन."

मला नाही म्हणता आलं नाही. त्या दुपारी घरी दार लावून बसले आणि मृदेवरचा धडा कागदावरून वाचून फोनमध्ये भरला. वाचताना पदर सारखा नीट करत होते, जणू कोणी बघत होतं. तिने फोन नेला आणि पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी परत आली.

"ऐकलंस?"

"आयकलं." मग म्हणाली, "राग नाई येनार ना? तुमी वर्गात बोलता तशा नाई बोलत त्याच्यात. बातम्या सांगून राह्यल्या असं वाटते. बाया म्हने, बंद कर आनि गाने लाव."

राग आला, खोटं कशाला बोलू? पण ती फोन ठेवून गेली, तेव्हा संध्याकाळी मी स्वतः ते ऐकलं आणि पाचव्या मिनिटाला मलाच जांभई आली. दुसऱ्या दिवशी कागद बाजूला ठेवला. डोळ्यांसमोर तीच ठेवली, चिखलात वाकलेली. आणि बोलायला लागले, "हे बघ, तू आत्ता ज्या चिखलात उभी आहेस ना, तो आला कुठून?" मध्येच कुकरची शिट्टी झाली. पुसायचं कसं ते माहीत नव्हतं, म्हणून राहू दिली. तो भाग बारा मिनिटांचा झाला. ही शिट्टी पुढे फार प्रसिद्ध झाली. मला भेटलेल्या निम्म्या बायांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच, "त्या दिवशी काय शिजवत होत्या, बाई?"

त्यानंतर दर आठवड्याला दोन भाग व्हायला लागले. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, काडीला टांगायचा आणि पंधरा-वीस बायांनी रांगेत रोवत ऐकायचं, अशी त्यांची रीत पडली. वर्गातल्या इतरांनीही ते भाग आपापल्या फोनमध्ये घेतले. बाजारात एक मोबाइलवाले भाऊ होते. ते कॉम्प्युटरवरून कार्डात गाणी भरून देत. त्यांच्याकडे कोणीतरी माझे भाग ठेवून दिले. एकदा भाजी घेताना त्यांच्या दुकानासमोरून जात होते, तर धडाक्यात वाजणारं गाणं संपलं आणि पाठोपाठ माझाच आवाज, "तर मैत्रिणींनो, गोदावरी कुठून निघते?" मी कोथिंबीर तिथेच टाकून पळाले.

आमच्या प्राचार्यांना मात्र ते रुचलं नाही. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, मोबाइलमधेच कॉलेज झालं तर पोरं वर्गात कायले येतील?"

रोवणी संपेपर्यंत थांबा, एवढंच मी म्हणाले. मनात धाकधूक होतीच.

ऑगस्टच्या शेवटी वर्ग भरला. मी नेहमीसारखी मृदेच्या धड्याची उजळणी करायला फळ्याकडे वळले, तर मागून आवाज, "ते झालं, मॅडम. पुढचं सांगा." वळून पाहिलं, तर सगळे माझ्याकडे बघत होते. रोवणीवरून परत आलेल्यांकडेच प्रश्न जास्त होते. तलावाच्या पाळीला, म्हणजे काठच्या बांधाला, मुरूमच काऊन लागते? पाऊस तोच, मग सिरोंच्याकडे ऊन जास्त काऊन? त्या दिवशी घंटा झालेली मला ऐकूच आली नाही. प्राचार्य व्हरांड्यात येऊन उभे राहिले होते. थोडा वेळ ऐकून गेले. पण दुसऱ्या दिवशी शिपाईभाऊंनी ऑफिसातला जुना टेपरेकॉर्डर माझ्या टेबलावर आणून ठेवला. "साहेबांनी पाठवला," म्हणाले. त्याची कॅसेट फिरत नव्हती, पण मला आनंद झाला.

त्याच दिवशी तास संपल्यावर ती पहिल्या बाकावरची बाई थांबली. चेहरा अवघडलेला.

"मॅडम, माह्या सासूनं तुमाले काहीतरी सांगितलं आहे. मी नको म्हनत होतो. पन तिनं फोनच हातातून घेतला."

तिने फोन सुरू केला. आधी चिखलात पाय बुडण्याचे डबक डबक आवाज, बायांचं हसणं आणि मग एक खणखणीत म्हातारा आवाज:

"बाई, तुमी म्हनता आपल्याकडची माती तांबडी. तांबडी म्हंजे कोनती? कन्हार काळी हाये, तिच्यातलं पानी लवकर हटत नाई. मोरांडीत धान होते आनि धानामागून लाखोरीची डाळ बी होते. सिहार पिवळी, रेताड, धानाले बेस. बरडी ते तुमची तांबडी, तिच्यात तीनदा पानी देल्याशिवाय काही येत नाई. ह्या सगळ्या एका गावात हाये. तुमी एकदा येऊन पाहा ना. पुस्तकवाला आला होता का इथी?"

मी तो आवाज तीनदा ऐकला. पाच वर्षं याच मातीवरून स्कूटर चालवत कॉलेजला येत होते आणि तिची नावं मला कोणी विचारली असती तर सांगता आली नसती. लाज वाटली, पण हसूही आवरेना. दुसऱ्या दिवशी तो भाग मी वर्गात लावला. पोरं टाळ्या पिटायला लागली. मागच्या बाकावर एक मुलगा होता, जंगलातल्या गावचा, कॉलेज सुरू झाल्यापासून एक शब्द न बोललेला. तो उठून उभा राहिला आणि त्याच मातीला गोंडीत काय म्हणतात ते त्याने सांगितलं. मी फळ्यावर दोन नव्हे, तीन रकाने आखले: पुस्तकातलं नाव, इथलं नाव आणि गोंडी नाव.

मग मी त्या सासूबाईंना कॉलेजातच बोलावलं. येतील असं वाटलं नव्हतं. पण ठरल्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या आल्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं, डोक्यावर टोपली, टोपलीत फडक्यांच्या पाच पुरचुंड्या, चार त्या मातींच्या आणि पाचवी तलावातल्या गाळाची. सूनबाई मागे, मान खाली घालून. मी खुर्ची पुढे केली.

"बसून माती कशी दाखवू?" त्या म्हणाल्या आणि फरशीवर पुरचुंड्या सोडायला लागल्या.

एका मुलीला पुढे बोलावून त्यांनी तिचे डोळे पदराने झाकले. ओली केलेली माती तिच्या बोटांवर ठेवली. "सांग, कोनती?" मुलीने माती चोळली, "कन्हार?" म्हणाली. "शाब्बास! हे माह्या सुनेपेक्षा हुशार हाये." सगळा वर्ग हसला. सूनबाईनेही मान वर केली आणि ठसक्यात म्हणाली, "मी पाचही वळखतो. झाका माहे डोये." आणि तिने खरंच पाचही ओळखल्या. प्राचार्य दारातून आत आले, बूट काढून फरशीवर बसले आणि त्यांनीही बोटं पुढे केली. त्यांनी पाचपैकी तीन चुकवल्या. सासूबाईंनी त्यांना सोडलं नाही. "साहेब, तुमी पुन्हा या," एवढंच म्हणाल्या.

तो सगळा तास आम्ही फोनमध्ये भरून घेतला. मोबाइलवाल्या भाऊंनी मला नंतर सांगितलं, की लोक माझ्यापेक्षा 'बुढीची माती'च जास्त मागतात. म्हणाले, "वाईट नका वाटून घेऊ, मॅडम." मला कसलं वाईट वाटतंय! गडचिरोलीच्या एसटीत पुढच्या सीटवर कोणीतरी तो भाग लावला होता आणि शेजारचा म्हातारा मान डोलावत म्हणत होता, "बरोबर बोलून राह्यली." त्यांचा थांबा येईपर्यंत, म्हणजे कुनघाड्याच्या फाट्यापर्यंत, मी कोण ते न सांगता ऐकलं.

अशा शिकवण्याला पॉडकास्ट म्हणतात, हे मला पुढे नागपूरच्या एका प्रशिक्षणात कळलं. तिथल्या सरांनी पडद्यावर फायदे-तोटे दाखवले. मी वहीत शब्द लिहून घेतला.

ती बाई तीन वर्षांत बी.ए. झाली. निकालाच्या दिवशी ती पेढे घेऊन आली नाही. नवऱ्याने सकाळीच धरलेली मरळ मासळी पळसाच्या पानात गुंडाळून आणली. मी मासे खात नाही हे तिला ठाऊक नव्हतं. घेतली, आणि शेजारच्या बाईंकडून चुलीवर कालवण करून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं. काटा लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मी दुसरा तुकडा मागितला.