कडब्याच्या गंजीत आलेली शिंक

मंडळी, आज नव्वदीच्या आबांना, माझ्या वडिलांना, बारमाही शिंकांसाठी जालन्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "ॲलर्जी आहे. शरीर साध्या धुळीलाच शत्रू समजून लढतं."

परतताना आबा बोलले, "माझ्या बापालाबी हेच व्हतं. निजामाच्या राज्यात शेवटी शेवटी रझाकार बंदूकवाले आपल्या आष्टीत आल्ते. आम्ही दोघं कडब्याच्या गंजीत लपलो. धुळीनं बापाला शिंका सुटल्या. तोंडात फेटा कोंबला, तरी थांबंनात. 'तू हालू नको,' म्हणला अन् एकटाच बाहेर गेला."

"मंग?"

"गोळीचा आवाज आला. मलाबी शिंक येऊ राह्यली व्हती. नाक दाबून पडून राह्यलो."

संध्याकाळी घरात माझी लेक शिंकली. आबांनी झटकन तिचं तोंड दाबलं.

तुमच्या घरात असं भय अजून जिवंत आहे का?