खाकीवरचं दूध

खाकी मीही घातलेली आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, पण आमच्या वेळी होमगार्डमध्ये जायला लिहिता-वाचता येणं आणि दोन्ही पाय धड असणं एवढं पुरायचं. शिकवणारे सांगायचे, इंग्रज असतानाच मुंबईत दंगली पेटल्या, पोलीस कमी पडले, तेव्हा साध्या माणसांना गोळा करून ही संघटना उभी केली. आम्हाला रायफल धरायला शिकवली, जखमेला पट्टी बांधायला शिकवली. छाती फुगायची आमची.

होमगार्ड ही नोकरी नव्हे. आठवड्याला कवायत करायची आणि बंदोबस्ताला बोलावलं की जायचं. भत्ता त्या दिवसापुरता. बाकीचे दिवस कुणी शेतात, कुणी शिलाई मशीनवर. तालुक्याचं एक पथक असतं आणि त्याचा प्रमुख समादेशक. तोही पगारी नसतो. आमच्या तालुक्याचा सध्याचा समादेशक रस्त्याची कंत्राटं घेतो. खांद्यावरच्या चांदण्या एवढ्या घासतो की डोळ्यात खुपतात.

माझी सून याच पथकात आहे. ती बाळंत झाली. नोकरीवालीला बाळंतपणाची रजा असते. होमगार्ड स्वयंसेवक, म्हणून हिला रजा नाही. नेमणूक ठरावीक वर्षांची, आणि हिची मुदत संपत आलेली. गैरहजेरी वाढली की समादेशक पटावरून नाव कमी करणार. मुलगा हंगामात ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर. घरात हक्काचं म्हणावं असं सुनेजवळ तेवढंच, ते नाव. म्हणून अंग पुरतं भरून यायच्या आतच तिनं पट्टा आवळला. पोर वरचं दूध तोंडात धरत नव्हतं. मग असं ठरलं की मी पोराला घेऊन मागून जायचं आणि मधे तिनं त्याला पाजायचं.

त्या दिवशी मंत्र्याची सभा होती, स्टँडशेजारच्या मैदानात. होमगार्ड बायकांना उजाडायच्या आत बंदोबस्ताला उभं केलेलं. बायकांसाठी मुतारी नाही, म्हणून एकीनंही घोटभर पाणी प्यायलेलं नव्हतं. जेवणाच्या पुड्यातली भाजी आंबलेली. मी वडापच्या जीपमधून उतरले ती आधी स्टँडवरच्या हिरकणी खोलीकडे गेले. आयांनी पोरं पाजावीत म्हणून ती खोली केलेली आहे. दाराला कुलूप. खिडकीतून पाहिलं, तर आत मंत्र्याच्या स्वागताचे फ्लेक्स आणि एक मोटारसायकल.

सून बांबूच्या कठड्याजवळ उभी होती. पोराचा आवाज कानावर गेला आणि तिच्या शर्टावर पुढून दोन ओले डाग पसरले. कठड्यापलीकडची टारगट पोरं एकमेकांना कोपरं मारून हसायला लागली. तिनं मान वळवली नाही.

समादेशक आला. पोरांना काही बोलला नाही. सुनेला म्हणाला, "हा काय अवतार? ताफा येईल आता. इथंच जरा मागं सरून उभी राहा."

मी पुढे झाले. "सायेब, पाच मिन्टं सोडा हिला. पोर सकाळपासनं उपाशी हाय."

"मावशी, ही शिस्तीची संघटना आहे. पोर घरी ठेवायचं."

"पोर ठेवीन. दूध कुठं ठेवू?"

दोन-चार बायका फिसकन हसल्या. त्याला ते लागलं. सुनेकडे बोट करून म्हणाला, "मंत्री जाईस्तोवर पॉइंट सोडलास, तर नाव कमी करून टाकीन."

पोर रडून रडून निळं पडायला लागलं होतं. सून जागची हलेना, नुसती रडत होती, नाक पुसायलाही हात वर करीना. तेव्हा शेजारची एक जाडजूड होमगार्ड बाई म्हणाली, "ए, खाली बस तिथंच. आत्या, द्या त्याला हिच्याकडं." मग बाकीच्यांना ओरडली, "या गं, पाठी फिरवा!" सगळ्या जणी सुनेभोवती कडं करून उभ्या राहिल्या, तोंडं बाहेर. सून आत मातीत बसली आणि पोर लुचायला लागलं.

समादेशक धावत आला. "हे काय चाललंय?"

"पॉइंट सोडला न्हाई सर तिनं," ती जाडी म्हणाली. "पॉइंटवरच बसलीय."

तो लालबुंद झाला. पण तोवर लोकांचे मोबाईल वर झाले होते आणि तो मागे सरला. एका फोटोत बायकांचं कडं, मधे सुनेची टोपी आणि पोराचा एक पाय, एवढंच आलं. 'खाकीतली माय' म्हणून तो गावोगाव फिरला.

इथवर मला नुसता राग होता. किळस त्यानंतरची.

होमगार्डच्या वर्धापनदिनाला समादेशकानं सुनेचा सत्कार ठेवला. मला पोरासकट स्टेजवर बसवलं. त्यानं भाषण केलं. संघटनेचा इतिहास, निष्काम सेवा, देशाची दुसरी फळी, सगळं सांगून झालं. मग म्हणाला, "त्या दिवशी मीच या भगिनीला म्हटलं, ताई, आधी बाळाला पाज, मंत्रीसाहेब थांबतील." टाळ्या पडल्या. त्यानं सुनेकडे पाहिलं. "खरं ना ताई?"

माईक तिच्या तोंडापुढे धरला.

"हो सर," ती म्हणाली.

खालच्या रांगेत ती जाडी बसलेली होती. तिनं बुटांकडे पाहिलं. उठून बोलावं असं फार वाटलं, पण सुनेनं टेबलाखालून माझ्या पायावर बूट दाबून धरला होता, चांगला जोरात.

घरी आल्यावर मी विचारलं, "हो का म्हणलीस गं त्याला?"

"आत्या, नाव राहिलं," ती म्हणाली आणि चूल पेटवायला गेली.

खरंच राहिलं. नेमणूक पुढे वाढली. त्या जाडीला मात्र तेव्हापासून एकाही बंदोबस्ताला बोलावलेलं नाही. सून तिच्या घरावरून जाताना पदर पुढे ओढते. मी तिला काही बोलत नाही. बोलण्यासारखं तोंड कुणाचंच राहिलेलं नाही.

सत्कारातली शाल मी पोराच्या खाली घालते. नायलॉनची आहे. मूतसुद्धा धरत नाही, सगळं ओघळून माझ्या मांडीवर येतं.