एकोणीस अंश

अख्ख्या गल्लीत लस न घेता केंद्रातून पळालेला माणूस एकच, आणि तो कोण, तर फ्रिजवाला. यावर लोकांनी काय काय तारे तोडले म्हणून सांगू! ज्यांना लशीचं नावच नको होतं त्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. मशीनचा माणूस आहे, आतलं काहीतरी ठाऊक असणार, नाहीतर खुर्चीवरून उठून पळाला कशाला, असं म्हणायचे. ज्यांनी घेतली होती त्यांनी त्याला भित्रा ठरवलं, छप्पन वर्षांचा घोडा झाला तरी सुईला घाबरतो म्हणून. दोन्हीकडे अक्कल सारखीच. त्यालाच जाऊन विचारावं, हे एकाच्याही मनात आलं नाही. विचारलं असतं तरी तेव्हा त्यानं सांगितलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

तीस वर्षं तो फ्रिज दुरुस्त करत होता. डेअऱ्या, आइस्क्रीमची दुकानं, हॉटेलं, आणि घरगुती फ्रिजची तर गणतीच नाही. दाराशी उभा राहून कॉम्प्रेसरचा आवाज ऐकला की दुखणं कुठं आहे ते सांगायचा. काम झालं की यंत्र पुसूनबिसून लख्ख करायचं, लोंबत्या तारा बांधायच्या, आणि बाहेर थर्मामीटर लावलेलं असेल तर त्यातला मागचा आकडा पुसून टाकायचा, ही त्याची रीत. त्या थर्मामीटरला एक बटण असतं. दाबलं की आतापर्यंत आत जास्तीत जास्त किती तापलं ते दाखवतं, आणि धरून ठेवलं की ते विसरून नव्यानं सुरू होतं. शिंपी कपडा देताना सुटे दोरे काढतो ना, तसं हे. आपलं काम झालं, मागचं राहू नये. या गोष्टीचा त्याला केवढा अभिमान होता!

लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हा ताईचा आवडता विषय होता. ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी, समोरच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लांब नांदत होती. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा आणि ती पंधराची. तिनंच याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, वेळ पडली तेव्हा पाठीत धपाटेही घातले. या वयातही ती त्याला बाळ्याच म्हणायची, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा.

साथ आली तशी ताईनं दाराला कडी घातली. वर्षभर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. खिडकीतून दोरीला पिशवी बांधून सोडायची, हा त्यात भाजी आणि दूध टाकायचा, आणि ती वरून, हा खालून, अशी दोघं बोलायची. लस आली तेव्हा तिनं साफ नकार दिला. कारण काय, ते फक्त यालाच माहीत होतं. आई तापानं फणफणली होती, डॉक्टर घरी येऊन इंजेक्शन देऊन गेले, आणि दिवस मावळायच्या आत आई गेली. ती आजारानं गेली हे ताईला पुरतं कळत होतं. पण तेव्हा आईचा हात तिच्या हातात होता, आणि तो गार पडत गेला होता. त्यानंतर तिनं कधी सुई टोचून घेतली नाही, बाळंतपणातसुद्धा नाही.

अशातच एका सकाळी आरोग्य केंद्रातून त्याला बोलावणं आलं. लशीचा फ्रिज बंद पडला होता. नर्सबाई लांबच्या वस्तीत गेल्या होत्या, दार शिपायानं उघडून दिलं. याला कारण पाच मिनिटांत सापडलं. कॉम्प्रेसर चालू करणारा रिले जळला होता, खिशातल्या कापडी पिशवीत दुसरा होताच. बसवला, कॉम्प्रेसर घुमू लागला. थर्मामीटरचं बटण सहज दाबून पाहिलं, तर एकोणीस. बरेच तास बंद असणार, बहुतेक रात्रीपासून. डेअरीत त्यानं तीससुद्धा पाहिले होते, त्यामुळं या आकड्याचं त्याला काहीच वाटलं नाही. आत पुठ्ठ्याचे खोके रचलेले होते. त्याला वाटलं, औषधं आहेत, पुन्हा गार झाली म्हणजे झालं. पारा पाचावर येईपर्यंत तो स्टुलावर बसून राहिला. मग फ्रिज पुसला, तारा बांधल्या, आणि बटण धरून ठेवलं. नेहमीसारखं.

दुपारी नर्सबाई आल्या तेव्हा शिपाई म्हणाला, जरासा बंद पडला होता, लगेच झाला नीट. बाईंनी बटण दाबलं. जास्तीत जास्त पाच. त्यांनी त्या दिवशीच्या रकान्यात पाच लिहिलं आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला हाक मारली.

आणि हा शहाणा संध्याकाळी ताईच्या खिडकीखाली जाऊन काय बोलला असेल? तो फ्रिज आज मीच दुरुस्त केला, म्हणाला, माझ्या हातचा आहे, आता तरी चल. ताईनं पिशवी वर ओढून घेतली. मग तिनं विचारलं, "तुझ्या हातचा?" तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी वर्षभरानं तिनं कडी काढली. केंद्रात नर्सबाईंना ऐटीत सांगितलं, हा फ्रिज माझ्या भावानं केलाय बरं का. डोळे गच्च मिटून टोचून घेतली. तू पण घे की म्हणाली, तर यानं सांगितलं, डेअरीत काम खोळंबलंय, दोन दिवसांनी येतो.

दोन दिवसांनी तो गेला. खुर्चीवर बसला, बाही वर केली. बाई सुई भरता भरता बोलत होत्या. फ्रिजची गोष्ट निघाली तेव्हा म्हणाल्या, बरं झालं काका, वेळेत केलात. आठ अंशांच्या वर गेला असता तर सगळा साठा बाजूला काढायला लागला असता. मग तो लोकांना द्यायचा नसतो, त्यातला जीवच जातो म्हणा ना.

तो उठला. बाही तशीच वर. बाई हाका मारत राहिल्या, रांगेतले लोक हसले, आणि तो रस्ता ओलांडून थेट ताईकडं गेला. सांगायचंच असं ठरवून गेला होता. ताई चक्क दारात खुर्ची टाकून बसली होती. शेजारणी गोळा झाल्या होत्या, हसणंखिदळणं चाललं होतं. त्याला पाहून तिनं दंड पुढं केला. "इथं बघ हात लावून, अजून दुखतंय. दुखतंय म्हणजे लागू पडली ना रे?"

त्यानं हात लावला. तिथं थोडी गाठ होती, कोमट. वर्षभरात पहिल्यांदा त्यानं तिला स्पर्श केला होता. "हो ताई," तो म्हणाला. "लागू पडली."

बस, हेच दोन शब्द. माझं ऐकाल तर त्याचा गुन्हा बटणाचा नव्हताच. बटण सवयीनं दाबलं गेलं, हे शब्द जाणूनबुजून बोलले गेले. तोंडात सगळं आलं होतं, पण तिचा तो चेहरा बघून शब्दांचं पाणी झालं. त्यानं मनाशी म्हटलं, महिन्याभरानं दुसरी सुई आहेच, ती तरी चांगली मिळेल. तोवर घरातच थांब म्हणून तो रोज सांगायचा आणि ती रोज त्याला उडवून लावायची. केंद्राच्या फाटकापर्यंतही तो दोनदा गेला. दोन्ही वेळा शिपायानं विचारलं, काय काका, धीर आला का? दोन्ही वेळा तो माघारी फिरला. स्वतः घ्यायचा तर प्रश्नच नव्हता. तिला मेलेली लस आणि आपल्याला जिवंत, हे त्याच्यानं होणार नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात ताईला ताप आला. नवव्या दिवशी ती गेली. तिचा हात धरायला त्याला कुणी आत सोडलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, एकाच डोसनं पुरतं संरक्षण मिळत नाही, चांगल्या डोसनंतरही असं होतं कधीकधी. म्हणजे कदाचित फ्रिजमुळं नाही. पण कदाचित फ्रिजमुळंच. हे आता त्याला कोण सांगणार? कामावर जाईल तिथं बटण दाबायला बोट वर जायचं आणि हवेतच थांबायचं. ताईच्या घरात फ्रिज रिकामा चालू होता, तो बंद करायला त्याचा हात धजेना. खिडकीखालून जाताना पिशवी खाली येईल म्हणून मान आपोआप वर व्हायची. आणि रस्त्यात भेटेल त्याच्या दंडाकडं नजर जायची. तो साठा संपेपर्यंतच्या चार दिवसांत टोचून घेतलेले आणखी किती जण असेच दारात खुर्ची टाकून बसलेत?

हा प्रश्न मात्र त्याला सोसवेना. तेराव्या दिवशी सकाळी तो केंद्रात गेला आणि रांगेसमोर, सगळ्यांच्या देखत, नर्सबाईंना आकडा सांगितला. एकोणीस. मी पुसला. बाईंनी त्या दिवशीचा रकाना काढून पाहिला. त्या ओरडतील असं त्याला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मीच विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आकडा चांगला दिसला, मग कोण विचारतं हो?"

वरून चौकशी झाली, हुकूम आला. त्या चार दिवसांतल्या एकसष्ट जणांना बोलावून पुन्हा लस द्यायची ठरली. त्यानं स्वतः घरोघर जाऊन निरोप दिले, शिव्या खाल्ल्या, एका म्हाताऱ्यानं तर दार तोंडावर आपटलं. पण म्हाताऱ्यासकट साठ जण आले. संध्याकाळी उघडलेल्या बाटलीत एक डोस उरला. तो तासाभरात वापरायचा, नाहीतर फेकायचा.

"ताईंचा आहे," बाई म्हणाल्या. "फेकू?"

तो नको म्हणाला. मग खुर्चीवर बसला आणि बाही वर केली. दुसऱ्याच्या ताटावर बसल्यासारखं वाटत होतं त्याला. घरी येऊन तो ताईच्या दारात तिच्याच खुर्चीवर बसला. सकाळपर्यंत दंड ठणकू लागला. त्यानं हात लावून पाहिलं. थोडी गाठ होती, कोमट. अगदी तिच्यासारखीच.