गंजाचा ठिपका

पौषातली सकाळ. साखऱ्याच्या शिवारावर धुई अशी बसली होती की दहा पावलांवरची तूर दिसंना. सुमनबाईनं दारापुढं भाता धरला होता. दगडाला खाचा पाडायच्या चार टाक्या, म्हणजे छिन्न्या, निखाऱ्यात लाल करायच्या, टोकं ठोकून काढायची आणि पाण्यात चुर्र बुडवायची. टाकीला पाणी पाजायचं ते असं. पाणी जास्त बसलं तर टोक तडकतं, कमी बसलं तर वाकतं, आणि किती बसलं हे सुमनबाई नुसत्या रंगावरून सांगायची. तीस वर्षं बारा गावांच्या पाट्यांना, जात्यांना तिनं टाकी लावली होती. कुणाला नवा पाटा घ्यायचा झाला तर लोक तिलाच संगं न्यायचे. ती दगडाचं कौतुक करीत नसे. वाजवून बघायची, कान लावायची, चीर हुडकायची. "चांगला हाय का ते न्हाई बघायचं," ती सांगायची, "फुटका हाय असं धरून बघायचं. चीर न्हाईच घावली तर घ्यायचा."

पण चार दिवसांपासून एक शब्द तिच्या जिवाला लागून राहिला होता, आणि तो तिचाच होता.

किशनरावांच्या नाल्याकाठच्या रानात ज्योतीनं दोन चौकोनी खड्डे घेतले होते. ज्योती आखाडा बाळापूरची. विद्यापीठात फार प्राचीन काळच्या माणसांचा अभ्यास करायची. दोन वर्षांपासून ब्रश आणि खुरपं घेऊन ती मातीचा एकेक थर उतरवीत होती. खड्ड्यातून गारगोटीच्या बारीक चकत्या निघाल्या होत्या, तिच्या मते हजारो वर्षांपूर्वी माणसांनी हातानं काढलेल्या. सुमनबाई किशनरावांचा पाटा बघायला तिकडं गेली होती. तिनं एक चकती उचलली, अंगठ्यानं चोळली आणि हसली. तिचा सासरा दगडोबा त्याच रानातल्या लिंबाखाली बसून चकमकीसाठी गारगोट्या फोडायचा. काडीपेटी महाग होती तेव्हा चिलीम ओढणाऱ्या प्रत्येकाच्या चंचीत त्याच्या हातचा तुकडा असायचा. "हे समदे मामंजीचे हायेत," ती म्हणाली. कुणाचाही पाटा बघून सांगावं तसं तिनं सांगून टाकलं.

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. पोरगी दोन वर्षं दगडोबाचा कचरा उकरून राहिली म्हणून पानटपरीवर हशा पिकला. उद्या ज्योतीचे सर येणार होते. चकत्या दगडोबाच्या निघाल्या तर खड्डे बुजवायचे आणि दोन वर्षांची मेहनतही त्यातच.

आणि आता धुईतून ज्योती येत होती, हातात पत्र्याची पेटी घेऊन. सुमनबाईला वाटलं, भांडायला आली. बोल लावील तर लावू दे, असं मनाशी धरून तिनं भात्याचा हात चालू ठेवला.

ज्योती पोत्यावर बसली. "मावशी, तुमचं खरंच असंल. पण समजा, तुमचं खोटं ठरवायचं झालं, तर मी काय बघू?"

भात्याचा हात थांबला. आजवर बारा गावांत तिला दगडाबद्दल सगळ्यांनी विचारलं होतं. तिच्या बोलण्यातली चीर कुणी विचारली नव्हती.

"लोखंड," ती म्हणाली. "मामंजीची हातोडी लोखंडाची. जिथं घाव बसला तिथं गंजाचा ठिपका राहतो. जमिनीत गेला तर आणखी लाल होतो."

"आणि ठिपका नसला तर?"

"तर मामंजीचा हात न्हाई त्यो."

ज्योतीनं पेटी उघडली. आत साठ पिशव्या, प्रत्येकीवर कुठल्या थरातून निघाली त्याचा आकडा. तिनं सगळ्या आकड्यांवर कागद चिकटवले होते. मावशीनं आकडा न बघता वाटण्या कराव्यात, म्हणजे खोली माहीत असल्यामुळं मन वळलं असं कुणाला म्हणता येणार नाही. सुमनबाईला हे पटलं. पाटा विकणाऱ्याच्या तोंडाकडं तीही बघत नसे.

तासाभरात दोन ढीग झाले. एक मामंजीचा, जाड, नखाएवढे चौकोनी तुकडे. दुसऱ्यात लांब, पातळ पाती, उजेडाला धरली तर कडेतून प्रकाश दिसावा अशी. कागद सोलले तेव्हा धुई विरली होती. मामंजीच्या ढिगातले जवळजवळ सगळे वरच्या वितीतले निघाले, पाती सगळी खालच्या चुनखडीच्या थरातली. तो थर कुदळीला दाद देत नव्हता, त्याच्यात दगडोबा काय, त्याचा पणजोबाही पोचला नसता.

फक्त तीन तुकडे आडवे आले. मामंजीचे म्हणून टाकलेले, आणि आकडा चुनखडीचा. सुमनबाईनं तिन्ही पुन्हा घेतले, थुंकी लावून पुसले, उन्हात फिरवले. ठिपका नव्हता.

"म्या चुकले," ती म्हणाली. "ठिपका बघाय पाहिजे होता, आकार बघून टाकले. त्या दिवशी बी तसंच झालं. वरचे चार बघितले अन् समद्यांचं बोलले."

मग ती नाल्यात उतरली, मुठीत बसेल असा गुळगुळीत गोटा आणला आणि लोखंडाशिवाय गारगोटी फोडायला बसली. पहिल्या दोन घावांत चुरा झाला. तिसऱ्याला एक पातं निघालं, जाडच. बोटाला लागून रक्त आलं. चुनखडीतलं पातं तिनं त्याच्याशेजारी ठेवलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"ह्याचा हात माह्याहून बरा व्हता," ती म्हणाली.

ज्योतीनं सांगितलं, की दगड घडवायची रीत त्याच्याही आधीची, लाखो वर्षांची, आणि दगड धरता धरताच माणसाचा अंगठा असा लांब, बळकट झाला असावा असं अभ्यासक मानतात. उलटा पुरावा मिळाला तर तेही मत बदलतील. सुमनबाईनं आपला अंगठा बघितला, टाकी धरून धरून चपटा झालेला.

पानटपरीवर ती स्वतःच गेली. तिथं किशनराव होते, बाकीचे होते. तिनं सांगितलं की वरचे दगडोबाचे, खालचे फार जुन्या माणसांचे, आणि समदे म्हणली ते तिचं चुकलं. किशनराव हसले, "सुमनबाई, तुमी पण चुकता व्हय?"

"चुकले म्हणून तर खालचं कळलं, मालक," ती म्हणाली. "उद्या सर आले की मीच दावीन. आता तुमचा पाटा काढा, मालकीणबाई चार दिवस चटणी वाटायची थांबलीय."

लिंबाखाली तिनं पाटा मांडीपुढं घेतला, बोटाला चिंधी बांधली, नव्यानं पाणी पाजलेली टाकी उचलली आणि एका कोपऱ्यापासून टिकटिक सुरू केली.