तावडेमामांना काय हवं होतं

तावडेमामा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघायचे नाहीत, हाताकडे बघायचे. बोरीवली स्टेशनजवळच्या साडीच्या दुकानात तीस वर्षं ते गादीवर बसून साड्या उलगडत होते. माझ्या लग्नाच्या खरेदीत आई हिरव्या साडीवर अडून बसली, तेव्हा त्यांनी ती सरळ घडी घालून बाजूला ठेवली. "वयनी, तोंड हिरवी म्हणता, हात मघापासून जांभळ्येर आसा." आई लाजली. आम्ही जांभळी घेतली. पुढे मी त्यांच्याच सोसायटीत राहायला आले आणि ते माझे मामा झाले.

त्यांचा एक किस्सा मामी नेहमी सांगायच्या. रडून डोळे सुजलेली एक बाई दुकानात आली. "भारीतल्या दाखवा, चार-पाच घ्यायच्यात." मामांनी तिला चहा पाजला, साडी मात्र एकही उलगडली नाही. "आज रागान घेशात, उद्या नेसूक मन जावचा नाय. उद्या येवा." शेठ भडकला. बाई दुसऱ्या दिवशी आली, एकच साडी घेतली आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच येत राहिली.

ते दुकान आता राहिलं नाही. मी अंधेरीला एका ऑनलाइन विक्रीच्या कंपनीत आहे. लोक कुठल्या वस्तूवर किती वेळ थांबतात ते पाहून त्यांना पुढे काय दाखवायचं, हे आमची टीम ठरवते. ऐकून मामा खूश झाले. "म्हणजे माझाच काम करतंस की गो!" मग म्हणाले, "आणि रडत इलेल्या बायलेक तुम्ही काय सांगतास?"

"तिला... आणखी दाखवतो, मामा."

मला राग आला, पण कोणाचा ते कळलं नाही.

मामी गेल्या आणि तीन महिन्यांत मामांचं घर फोनवरून मागवलेल्या खोक्यांनी भरलं. पाय चेपायचं मशीन, दोन मिक्सर, काय काय. एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. खाटेवर अबोली रंगाची साडी पसरली होती.

"चेडवा, ही माका व्हयी होती काय गो?"

"तुम्हीच मागवलीत ना?"

"बोट माझाच लागला. पण नेसतली कोण?"

मी ती परत करायची नोंद केली. न्यायला माणूस आला, तर मामा साडी देईनात. दुसऱ्या दिवशी म्हणाले, परत कर. पुन्हा तोच प्रकार. तिसऱ्यांदा मी वैतागले. "मामा, एकदा काय ते ठरवा ना!" ते इतके गोंधळून बघत राहिले की मलाच लाज वाटली.

मग मी त्यांचा फोन उघडून पाहिला. ती साडी आमच्याच ॲपने त्यांना रोज, पुन्हापुन्हा दाखवली होती. पण अबोली साडी पहिल्यांदा शोधली होती ती मामांनीच. मामी जायच्या आठवडाभर आधी.

मामांचा मुलगा त्यांना कुडाळला घेऊन गेला. साडीचं काही ठरलंच नाही, ती माझ्याकडे राहिली. परवा फोनवर विचारलं, "मामा, साडी पाठवून देऊ?"

ते म्हणाले, "तूच सांग गो. तुका ठाऊक असता ना, लोकांका काय व्हया ता?"

"बघते," मी म्हणाले. फोन ठेवला आणि ऑफिसला निघाले.