मामाजींनी तपासलेली कारबाइन

माझे सासरे वामनराव, म्हणजे आमचे मामाजी, यांना घरातली कुठलीच वस्तू तपासल्याशिवाय चैन पडत नाही. कुकरची शिट्टी, कूलरचा पंप, माझ्या स्कूटीचा ब्रेक, सगळं त्यांच्या हाताखालून जायला हवं. उभा जन्म पोलिसांच्या शस्त्रागारात गेला त्यांचा. बंदुका साफ करायच्या, शिपायांच्या हाती द्यायच्या, परत आल्या की पुन्हा उघडून बघायच्या. रिटायर झाले आणि तो सगळा जाच माझ्या वाट्याला आला. मी चिडते त्यांच्यावर. आणि ते चार दिवस गावाला गेले की हेच घर मला खायला उठतं.

दिवाळीच्या तोंडावर वडशाहून प्रेमिलाबाई आल्या. त्यांची नाटक कंपनी आहे. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या दिवसांत झाडीपट्टीत गावोगाव प्रयोग करतात. चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबोडकं त्यांनी खाटेवर ठेवलं. एका बंद पडलेल्या कंपनीचं सामान त्यांनी नुकतंच विकत घेतलं होतं. पत्र्याच्या तलवारी आणि मुकुटांच्या पेटीत हे निघालं : इंग्रजांच्या घोडेस्वारांची आखूड बंदूक, कारबाइन. नव्या नाटकाचा तिसरा अंक त्यांनी तिच्यावरच बेतला होता. पण कंपनीतल्या कुणीतरी शंका काढली, की ही असली तर नाही? असली निघाली तर पोलीस ठाण्यात जमा करावी लागणार, आणि तिसरा अंक बोंबलणार.

"भाऊ, नकली आहे म्हणा फक्त," बाई म्हणाल्या. "बसमंदी सीटखाली ठेवून आणली, जीव मुठीत धरून."

"बसमंदी!" मामाजींनी कपाळावर हात मारला.

पण त्यांचे डोळे चमकत होते. अशी कारबाइन त्यांनी ट्रेनिंगमध्ये भिंतीवरच्या तक्त्यात तेवढी पाहिली होती. ती असली निघावी असं त्यांना किती वाटत होतं, ते माझ्यापासून लपलं नाही. मी मात्र मनातून बाईंच्या बाजूची.

अंगणात सतरंजी अंथरली गेली. मामाजींनी आधी बंदुकीचं तोंड भिंतीकडे केलं आणि ती रिकामी असल्याची खात्री केली. मग नळीत टॉर्च मारला. खोगिराला अडकवायची कडी वाजवून पाहिली. राजमुकुटाच्या शिक्क्यावरून नख फिरवलं. शेवटी दस्त्यामागची लोखंडी पट्टी काढली, आतलं लाकूड जरासं खरवडलं आणि नाकाशी नेलं.

"सागवान," ते म्हणाले. "त्या बंदुकीले अक्रोडाचं लाकूड राह्यते. हा शिक्काबी ठोकलेला नाई, कानशीनं कोरलेला आहे. अन् नळी म्हणजे नळाचा पाइप. आतून जोड दिसून राह्यला. मागून भरीव लोखंड ठोकून बंद केली आहे."

"म्हणजे?"

"नकली आहे, बाई."

प्रेमिलाबाईंनी आनंदाने माझे दोन्ही हात धरले. मला मामाजींचं वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी हाती आली, तीही खोटी.

ते मात्र थांबलेच नव्हते. एकेक स्क्रू काढत चापाच्या आत शिरले आणि एकदम हसायला लागले.

"संघप्रिया, इकडं ये. हे पाह्य!"

आत हाताने घासलेल्या बारक्या पट्ट्या होत्या, आरशासारख्या चकचकीत. प्रत्येक स्प्रिंग जागच्या जागी.

"मंडपात बसणाऱ्याले हे कधी दिसणार नाई," मामाजी म्हणाले. "त्यानं काऊन केलं असन एवढं?"

दिवसभर ते त्या कारागिराबद्दलच बोलत राहिले. तेल देताना गुणगुणत होते. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तालमीला मला घेऊन ते स्वतःच बंदूक पोचवायला वडशाला गेले. लोकेश नावाच्या नायकाने ती एका हाताने ओढून घेतली, तसा मामाजींनी असा आवाज दिला की सगळी तालीम थांबली. त्यांनी बंदूक परत घेतली, त्याला ताठ उभं केलं, दोन्ही हात पुढे करायला लावले आणि मग दिली.

"भाऊ, नकलीच तं आहे ना?" प्रेमिलाबाई हसू दाबत म्हणाल्या.

"म्हणूनच, बाई," मामाजी म्हणाले. "असली कारखान्यातून हजारानं निघाल्या. ही फुटली तं दुसरी कुठी भेटन?"